दाढांवरची हाळी

परवा दुपारी फोनवर निरोप आला. धरणातून भीमेत पाणी सोडलंय, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं. मी सोलापुरात, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वाळत घातलेल्या शेंगदाण्यांवरून हात फिरवत बसले होते. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता आणि नदी माझ्यापासून चांगली लांब. तरी मी उठले, आत जाऊन घोटभर पाणी प्यायले आणि घसा साफ केला. पुराची बातमी आली की मला घसा साफ करावासा वाटतो. सुनेला वाटतं ही मास्तरकीची खोड, जन्मभर वर्गात ओरडून लागलेली. तिला मी काही सांगत नाही. सगळ्यांना सगळं सांगून टाकलं तर म्हातारपणी स्वतःशी बोलायला काय उरणार?

हल्ली पुराचंही वेळापत्रक असतं. किती पाणी सोडलं, ते कुठल्या पुलाखाली किती वाजता पोचणार, सगळं आधी कळतं. आमच्या वेळी पूर असा कळवून येत नसे. आधी त्याचा वास यायचा.

मी एकवीस वर्षांची होते, नोकरी पहिली आणि गाव धारगाव. सत्तरचं दशक संपत आलं होतं. टेंभुर्णीला एसटीतून उतरायचं, पिशवी काखेत मारायची, ओढा ओलांडायचा आणि पाय दुखेपर्यंत चालायचं, की भीमेच्या काठावर गाव लागायचं. लग्न न झालेली बाईमाणूस एकटी राहणार कुठं, म्हणून सरपंचांनी माझी सोय गावच्या नावाड्याच्या पडवीत लावून दिली. नावाड्याचं नाव महादू. सगळं गाव त्याला म्हादूतात्या म्हणायचं. पन्नाशी ओलांडलेला, बोलका, मिशीला हात लावल्याशिवाय वाक्य न संपवणारा. त्याची बायको रखमाक्का. तिचं बोलणं कमी, पण ती जे बोलायची ते ऐकायला तात्या जरा बिचकून असायचा. एकुलती मुलगी लांब जेऊरकडं दिलेली. त्यामुळे घरात दोघंच, आणि तिसरी मी.

श्रावणात आमच्याकडं ऊन असायचं. बाजरीनं माना टाकलेल्या, माणसं आभाळाकडं बघून बोटं मोडताहेत, आणि नदी मात्र दुथडी भरून चाललेली. पाऊस पडायचा तिकडं घाटात, आणि आमच्या वाट्याला नुसता पूर. लग्न दुसऱ्याच्या घरी आणि वाजंत्री आपल्या दारात, असा तो प्रकार. मी सोलापूर शहरातली. पाऊस नाही आणि पूर आहे, हे मला पहिल्या वर्षी खरंच वाटेना. आदल्या संध्याकाळी वाऱ्याला एक वास यायचा, कुजक्या पानांचा, शेवाळाचा, आम्ही कधी न पाहिलेल्या कुठल्यातरी दाट रानाचा. रखमाक्का भाकरी थापता थापता हात थांबवून म्हणायची, "आली." सकाळी बघावं तर घाटाच्या पायऱ्या बुडालेल्या, पाणी चहासारखं, त्यावर फेसाचे गोळे. त्या फेसात काटक्या, बांबूचे तुकडे, एखादा हिरडा. हिरडा मिळाला की रखमाक्का तो पुसून कनवटीला लावायची. घशाला बरा असतो म्हणायची. नावाड्याच्या बायकोला घसा एवढा जपायचं कारण काय, ते मला पुढं कळलं.

गावासमोर नदी रुंद होती आणि पुरातसुद्धा जरा शहाण्यासारखी वागायची. खाली पाव मैलावर मात्र तिचं पात्र आवळायचं आणि मधोमध काळे कातळ दोन ओळींनी उभे. गाव त्यांना दाढा म्हणायचं. उन्हाळ्यात त्या दाढांवर बायका वाकळा वाळत घालत. पुरात दाढा बुडायच्या. वरून नुसतं पाणी उकळताना दिसायचं, आणि आवाज असा की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागे.

आता या दाढांमधून नाव घालायची कुणाला हौस असेल? हौस नव्हतीच. पलीकडचा काठ गावासमोर सरळ तुटलेला, उंच दरड. एरवी दरडीच्या पायथ्याला वाळूचा पट्टा असे आणि नाव तिथं लागे. पूर आला की तो पट्टा पाण्याखाली. मग पलीकडं उतरायची जागा एकच, दाढांच्या खालची मळी, म्हणजे काठची गाळाची सपाट जमीन. तिथं जायचं तर दाढांमधूनच. आणि जावं तर लागायचंच. गावातल्या निम्म्या लेकी पलीकडं दिलेल्या, निम्म्या सुना पलीकडनं आलेल्या, डॉक्टर पलीकडं, बाजार पलीकडं. पूर आला म्हणून कुणाचं मरण आणि कुणाचं बाळंतपण थांबत नाही.

संध्याकाळी ओट्यावर बसून तात्या मला या जाण्याचा इतिहास सांगायचा. हा इतिहास कुठल्या पुस्तकात नाही, आणि मी इतिहास शिकवणारी. त्याचा पणजा म्हणे भोपळ्यांच्या सांगडीवर बसून दाढांतून गेला. आजोबानं गुळाच्या काहिलीत माणसं घालून नेली. रस उकळायची ती भलीमोठी कढई, तिला ना पुढं ना मागं, ती पाण्यात गरगर फिरायची आणि आतली माणसं डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. बापानं पहिली फळ्यांची नाव केली. त्या नावेतून त्यानं एक वरात नेली, वाजंत्र्यांसकट. नवरदेवानं मुंडावळ्यांसकट नावेत ओकारी काढली, पण मुहूर्त गाठला.

"आन् त्या वक्ताला हाळी कुणाची व्हती, ती सांगा की," आतून रखमाक्काचा आवाज यायचा.

तात्या मिशीला हात लावायचा. "माज्या आयची व्हती. आनि कुणाची असणार?"

"मग तसं सांगावं. बाईस्नी वाटंल, नाव आपसूक गेली."

हाळी म्हणजे हाक. पण धारगावात त्या शब्दाला वजन होतं. नावेत बसलेल्या माणसाला पुरात कातळ दिसत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर नुसतं गढूळ पाणी. काठावरच्या उंचवट्यावरून बघणाऱ्याला मात्र पाणी कुठं फुगतंय, कुठं मुरडतंय ते दिसतं, आणि त्यावरून कातळ कळतो. म्हणून नाव सुटली की उंचवट्यावर एक बाई उभी राहायची आणि हाळी घालायची. बाईच, कारण पुराच्या आवाजात पुरुषाचा जाड आवाज बुडून जातो आणि बाईचा बारीक, ताणलेला आवाज वरून जातो. बाई घरचीच, नावाड्याची बायको किंवा आई. नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाही. मग हाळीत फक्त कातळाचं नाव आणि अंग. गावाकडचं ते गावअंग, पलीकडचं ते रानअंग.

"म्हातारीऽऽ, रानअंगानं."

"रेडाऽऽ, गावअंगानं."

म्हातारी, रेडा, पाटा, मग दोन सवती, आणि शेवटी उंबरा. उंबरा ओलांडला की संथ पाणी. मागं वल्हं धरून तात्या, पुढं कळकाची लांब काठी घेऊन त्याचा चुलतभाऊ किसन. हाळी कानावर आली की नाव वळलीच पाहिजे. तिथं आपली अक्कल चालवायची नाही, हा नियम. तात्या म्हणायचा, "हाळीवर इचार करत बसला, त्यो गेला." मला या नियमाचं भारी कौतुक वाटलं होतं. मिशीला पीळ देणारे हे बाप्ये वर्षातून चार-दोनदा का होईना, बायकोचं निमूट ऐकतात तरी!

माझं दुसरं वर्ष संपताना, उन्हाळ्यात, गावानं शाळेला एक खोली वाढवली. श्रमदानानं. दगड नदीतूनच आणायचा ठरला, आणि तात्या म्हणाला, पाटा फोडा. पाटा हा दाढांमधला सपाट, बसका कातळ. तात्याच्या नावेचं बूड त्यानं दोनदा खरवडलं होतं. पहारी आणि घण घेऊन पंधरा दिवस माणसं त्याच्यावर तुटून पडली. पाटा संपला, बैलगाडीतून शाळेत आला आणि खोलीचं जोतं झाला. त्यावर उभी राहून मी तिसरीला पाढे शिकवू लागले.

त्याच वर्षी श्रावणात पूर आला. एका आजीबाईला पलीकडं लेकाकडं पोचवायचं होतं. नाव सुटली. मी रखमाक्काच्या मागं उंचवट्यावर उभी. म्हातारी झाली, रेडा झाला, आणि रखमाक्कानं हाळी घातली, "पाटाऽऽ, रानअंगानं."

मी चमकून तिच्याकडं पाहिलं. जिथं पाटा होता तिथं पाणी सपाट, गुमान चाललेलं. नाव मात्र हाळीप्रमाणे रानाकडं वळली, थोडी वाकडी गेली आणि सावरली. पूर तसा बेताचा होता. चार दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा तात्या नाव घेऊन परतला आणि जेवताना हसत म्हणाला, "पाटा शाळंत गेला की गं. त्या दिशी परत कुटनं आला?"

"तोंडात बसलंया," रखमाक्का म्हणाली आणि आमटी वाढू लागली. तात्याला पटलं. मलाही पटलं असतं, पण आमटी वाढताना तिनं पळी आधी ताटाच्या कडेला टेकवली आणि कडेकडेनं वाटीपर्यंत नेली, ते मी पाहिलं.

मग मला दिसतच गेलं. तांदूळ निवडताना ती बघत नसे, बोटांनी चाचपत असे. पायरी उतरताना आधी पाऊल पुढं करून अंदाज घ्यायची. दारात कोण आलंय ते तो माणूस बोलेपर्यंत तिला कळत नसे. दोन वर्षं मी त्या घरात राहत होते, आणि मला वाटत होतं की बाई जरा शिष्ट आहे, ओळख दाखवत नाही.

एका दुपारी ती चुलीपुढं बसली होती. मी सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही, आजही येत नाही.

तिनं चुलीतली राख सारखी केली. मग म्हणाली, "धुकं झालंया बाई. आदी कडंला व्हतं. आता समदीकडं हाय."

"कधीपासून?"

"तुमी आलासा, त्याच्या आदीपासनं."

"आणि हाळी?"

"कातळ काय उठून जात्यात व्हय? हाय तितंच असत्यात. पाट हायत मला." मग हळूच, "पाटा तेवडा इसारली."

 दोन पावसाळे ही बाई न बघता नवऱ्याला दाढांमधून नेत होती, आणि तो डोळे मिटून तिचं ऐकत होता. मी म्हटलं, तात्यांना सांगायला हवं. तिनं चाचपडत माझं मनगट धरलं. "त्यास्नी कळलं तर नाव काटाला बांदतील. पुराची नाव हाय म्हणून गावात त्यास्नी मान हाय. जिमीन न्हाय, दुसरं काय न्हाय. ती नाव बांदली की मानूस खचतंय बाई." मग पहिल्यांदाच मला एकेरी हाक मारत ती म्हणाली, "तू हुबी ऱ्हा माज्या शेजारी. तू बग, मी वरडती."

कुणाला सांगणार नाही असं मी वचन दिलं, आणि उरलेला पावसाळा आम्ही तसा काढला. नाव सुटली की ती माझं मनगट धरून उभी राहायची. मी पाणी बघून हळू सांगायची, ती हाळी घालायची. सुरुवातीला मी आंधळ्याची फार वाईट काठी होते. नाव म्हातारीपाशी आली की मी म्हणायची म्हातारी आली, आणि तोवर नाव पुढं गेलेली. ती माझ्या मनगटाला हिसडा द्यायची. "नाव हाय तितं बगू नगं. नाव जानार हाय तितं बग." हे मला नंतर नोकरीत, संसारात, पोरांच्या बाबतीत किती वेळा उपयोगी पडलं म्हणून सांगू. आणि किती वेळा मी ते विसरले, तेही सांगायला हवं.

हळूहळू जमलं. पाणी नुसतं फुगलं तर कातळ खोल, वरून नाव जाते. फुगून मागं दुमडलं तर कातळ वर आहे, टाळायचा. पांढरं पाणी भिववतं पण फसवत नाही. काळं, गुळगुळीत पाणी फसवतं. रिकाम्या वेळी ती मला हाळीचा सूर शिकवायची. घशातनं नाही, बेंबीतनं काढायचा. शेवटचं अक्षर सोडायचं नाही, ताणून ठेवायचं. मी शाळेमागच्या माळावर जाऊन सराव करायची, आणि शेळ्या राखणाऱ्या बायका थांबून बघायच्या की बाईंना झालंय तरी काय. खरं सांगते, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा पावसाळा होता. माझ्यावाचून कुणाचंतरी अडत होतं, आणि मी पुरी पडत होते. तेविसाव्या वर्षी माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

मध्ये एकदा, पुष्कळ वर्षांनी, मी धारगावला जाऊन आले. उन्हाळा होता. वरच्या अंगाला पूल झालाय, पलीकडं ऊस आणि केळीच्या बागा. दाढा आहेत तशा आहेत, उघड्या, त्यांच्या फटीत प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. मी चपला काढून म्हातारीवर चढले, तिथून रेड्यावर गेले. गुडघे दुखले. ज्यांची नावं मी जीव मुठीत धरून ओरडले, ते इतके बुटके कातळ! शेजारी पाण्याची मोटार चालू करायला आलेल्या एका तरुणाला मी विचारलं, याला काय म्हणतात रे? तो म्हणाला, "कशाला? दगडाला?"

त्या पावसाळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं की दिवस संपत आलेत. वर उजनीला धरणाची भिंत उठत होती. आता पाणी अडवणार, मग पूर येणार नाही, कालव्यानं पाणी मिळणार, असं जो तो बोलायचा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं ती. त्यांना पाणी अडवल्याचा आनंदच होता, आणि तो असायलाच हवा होता. तात्यासुद्धा म्हणायचा, "बरं हाय. भाकर तर मिळंल." आणि मग उठून नावेला डांबर लावायला जायचा.

हस्त नक्षत्रात मात्र आमच्याकडंही पाऊस लागला. आणि त्याच आठवड्यात पलीकडच्या शाळेतून माझ्या नावे पत्र आलं, की तिथं डोळ्यांचं शिबिर आहे, मोठ्या शहरातले डॉक्टर येऊन मोतीबिंदू काढणार आहेत, गावातले रोगी पाठवा. तपासणी शनिवारपर्यंतच. पत्र हातात पडलं तेव्हा गुरुवार होता, टपालवाल्याच्या पाठोपाठ ओढ्याला पाणी आलं होतं, टेंभुर्णीची वाट बंद, आणि भीमा घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर.

मी वचन मोडलं. सरळ घाटावर गेले आणि तात्याला सांगितलं. तो नावेच्या फटीत चिंध्या कोंबत होता. त्यानं ऐकून घेतलं, हातातली फट पुरी बुजवली, मग विचारलं, "किती दिस झालं?"

"तीन पावसाळे. या वर्षी मी बघून सांगते, त्या हाळी घालतात."

"म्हंजी त्याच्या आदीचं दोन," तो म्हणाला आणि नदीकडं बघत बसला.  मग तो घरी गेला. मी अंगणात थांबले. आतून त्याचा आवाज आला नाही, तिचाच आला. "मग काय करायचं व्हतं मी? तुमास्नी घरात बसलेलं बगायचं व्हतं?"

शुक्रवारी सकाळी ठरलं की तिला न्यायचं, दाढांमधूनच. पाणी उतरायची वाट बघितली तर शिबिर उठणार. जुनी माणसं घरी येऊन सांगून गेली की हाळीची बाई पुरात नावेत बसत नाही, असं कधी झालेलं नाही. रखमाक्कानं ऐकून घेतलं आणि चार भाकरी फडक्यात बांधल्या. तात्याला पाणी भरवशाचं वाटत नव्हतं. पण तो मला एवढंच म्हणाला, "तीस वर्सं ती माज्यासाटी काटावर हुबी हाय. आता एकडाव मी तिच्यासाटी जातू."

आणि हाळी?

"बाई घालत्याल," रखमाक्का म्हणाली.

मी नाही म्हटलं. स्पष्ट. मला जमणार नाही, चुकलं तर दोघंही जातील, किसनही जाईल, मी जन्मभर काय तोंड घेऊन जगू? मी रडलेसुद्धा. तिनं माझं रडणं संपू दिलं. "तुला समदी पाट हायत," ती म्हणाली, "म्हातारीपासनं उंबऱ्यापातुर." तिला ते कौतुकानं म्हणायचं होतं. मलाही कौतुकच वाटलं.

दुपारी नाव सुटली. अख्खं गाव घाटावर, आणि उंचवट्यावर मी एकटी. मनगटावर कुणाचा हात नव्हता, ते फार जाणवत होतं. नावेच्या मधोमध रखमाक्का, दोन्ही हातांनी आडवी फळी धरून, पदर घट्ट खोचलेला. तीस वर्षं जिनं दाढा पार करून दिल्या, ती पहिल्यांदा दाढांमधून चालली होती आणि तिला त्यातलं काही दिसणार नव्हतं.

"म्हातारीऽऽ, रानअंगानं." माझा आवाज फाटला, पण गेला. नाव वळली. "रेडाऽऽ, गावअंगानं." नाव रेड्याच्या फेसाला घासून निघाली. मला धीर आला. मी पुढची हाळी घातली, खणखणीत, शेवटचं अक्षर ताणून. "पाटाऽऽ, रानअंगानं."

आणि ती तोंडातून गेल्यावर मला कळलं.

पाटा नव्हता. पाटा शाळेच्या जोत्यात होता. त्यावर मी रोज उभी राहत होते. डोळे धडधाकट असून मी त्या क्षणी बघितलंच नाही, पाठ केलेलं म्हणून टाकलं. अन् तात्या? हाळीवर विचार करायचा नाही. नाव रानाकडं वळली, आणि रानाच्या अंगाला त्या दिवशी काळं, गुळगुळीत पाणी होतं, थेट सवतींवर नेणारं. मला ओरडायचं होतं. गळ्यातून आवाज निघेना. मला नुसतं दिसत होतं, नाव आडवी होताना, किसनची काठी हवेत गेलेली, तात्या वल्ह्यावर आडवा पडलेला. मग रखमाक्कानं एक हात फळीवरून सोडला आणि मागं तात्याच्या गुडघ्यावर मारला. एकदा, दोनदा. तिचं तोंड उघडलेलं दिसलं, ऐकू काही आलं नाही. नावेचं तोंड फिरलं. पहिली सवत हातभर अंतरावरून गेली. तेव्हा कुठं माझा कंठ फुटला आणि मी दुसरी सवत सांगितली, बघून सांगितली, आणि उंबरा सांगितला. नाव संथ पाण्यात गेली. गावच्या बायकांनी मला उंचवट्यावरून धरून घरी आणलं.

तिला काठावरनं ऐकू आलेली हाळी चुकीची आहे हे कळलं कसं? तिला पाणी दिसत नव्हतं. पण तिनं आधी एकदा तीच चूक केली होती. तात्या नंतर सांगायचा, ती गुडघ्यावर बुक्क्या मारत ओरडत होती, "पाटा न्हाय, पाटा न्हाय, बाई चुकली, सरळ घ्या." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काठाचं सोडून नावेतल्या माणसाचं ऐकलं.

एवढं सगळं रामायण घडलं आणि पलीकडं शिबिरात डॉक्टरनं फक्त विचारलं म्हणे, उशीर का केला. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून तिला आठवडाभर शाळेच्या वर्गात उताणं झोपवून ठेवलं. तात्या उशाशी. इकडं मी दिवाळीच्या सुट्टीला सोलापूरला आले. घरी फराळ होता, मैत्रिणी होत्या, बघायला एक स्थळही येऊन गेलं. मी सगळ्यांशी हसत होते आणि आत एकच घोकत होते, की मी चुकले. कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही. राजीनाम्याचा कागदही लिहून पिशवीत ठेवला होता. पुढच्या पावसाळ्यात त्या उंचवट्यावर उभं राहायची माझ्यात ताकद नव्हती.

ती वेळ यायची नव्हती. पुढं पाणी अडलं. श्रावण आला, वासाची वाट बघितली, वास आला नाही. तात्या नाव घेऊन घाटावर बसायचा आणि पोरांना काहिलीची गोष्ट सांगायचा. हाळी कुणाची होती, तेही आता न विचारता सांगायचा.

पण ते नंतरचं. दिवाळीची सुट्टी संपवून मी टेंभुर्णीला उतरले आणि चालत धारगावला आले, तेव्हा ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं आणि शेतात हरभरा उगवून आला होता. तात्याच्या ओट्यावर रखमाक्का बसलेली. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, दोरीनं मागं बांधलेला. भिंगामागं तिचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते. मी अंगणातच थांबले. सांगायचं होतं की आक्का, माझ्या चुकीनं तुम्ही जात होता. वाटभर तेच वाक्य घोकत आणलं होतं.

ती उठली. पायरी न चाचपता उतरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दोन वर्षांहून जास्त मी तिच्या घरात राहत होते, तिच्या हातचं खात होते, पण तिनं माझा चेहरा कधी बघितला नव्हता, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, कपाळ बघितलं, गाल बघितले, दोन वेण्या बघितल्या. तेवीस वर्षांची आहे हे तिला माहीत होतं. तरी ती बघतच राहिली, आणि त्या मोठ्या डोळ्यांतून पाणी चष्म्याखालून ओघळायला लागलं.

"एवडीशी हायस व्हय गं तू," ती म्हणाली. "आन् मी तुज्या गळ्यात तिगांचा जीव बांदला."